थिबाराजाचं माणिक भाजलेलं की न भाजलेलं? नवशिक्यांसाठी घरगुती मार्गदर्शन

सर्वप्रथम खडा मिळवा. रत्नागिरीत राहत असाल तर मिळवावा लागणार नाही, घरातच असेल. ज्या घराची जोती १९१६च्या आधीची आहेत, त्या प्रत्येक घरात, ब्रह्मदेशातून इथे आणून ठेवलेल्या थिबाराजाची एक तरी वस्तू असतेच. कुणाकडे कपबशी, कुणाकडे आरामखुर्ची, आणि ज्यांची पत बरी होती त्यांच्याकडे माणकाची अंगठी. "राजाने आमच्या पणजोबांना स्वतःच्या बोटातली काढून दिली," हे वाक्य मी आजवर अकरा घरांत ऐकलं आहे. राजाला बोटं दहा. अकरावी अंगठी कुठल्या बोटातली, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही, कारण बारावी आमच्या आत्याकडे आहे.

गेल्या दिवाळीत आत्याचा नातू पुण्याहून आला. मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "आजी, हल्ली बाजारातली बहुतेक माणकं भट्टीत गरम केलेली असतात. तुझं अनहीटेड निघालं तर तू करोडपती." चौथ्या दिवशी पोरगा फराळाचे डबे घेऊन निघून गेला. आत्या तेव्हापासून नीट झोपलेली नाही, आणि मी खालच्या आळीत पाच घरं सोडून राहतो, तेव्हा ती मलाही झोपू देत नाही. शाळेत बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, एवढ्या भांडवलावर तिने मला रत्नपारखी नेमलं. त्या सहा महिन्यांच्या बिनपगारी नोकरीत जे हाती लागलं, ते पुढच्या उमेदवारांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

साहित्य

एक खडा. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग. नातवंडांच्या खेळण्यातलं चालणार नाही. बारीक झोताची एक विजेरी. मऊ सुती कापड. दूध अजिबात लागणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. आणि खड्याची मालकीण, जी दर दहा मिनिटांनी "काय रे, काय दिसलं?" असं विचारील. मालकीण समोर नसताना खड्याला हात लावू नये. खडा बदलल्याचा आळ एकदा आला की तीन पिढ्यांना पुरतो.

अंगठीचं घर मागून उघडं आहे ना, हेही आधी पाहा. जुन्या बंद कोंदणात खड्याच्या मागे रंगीत वर्ख घालायची रीत होती. तसं असेल तर तुम्ही माणकाची नव्हे, वर्खाची तारीफ करत बसाल. आत्याच्या अंगठीचं घर उघडं होतं, आणि ही तिच्या आजोबांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

खडा म्हणजे काय

माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडं. दोघांचं आडनाव कुरुंद. विळी-कोयत्याला धार लावायच्या चाकात जो कुरुंद असतो तोच हा, फक्त नशीब काढलेला. शाळेच्या भाषेत ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर पाण्यासारखा बिनरंगी. त्यात चिमूटभर क्रोमियम शिरलं की लाल होतो, त्याला माणिक म्हणायचं. लोखंड आणि टायटॅनियम जोडीनं शिरलं की निळा, तो नीलम. गुरूसाठी जो पिवळा पुष्कराज घालायला सांगतात, तोही बहुतेक वेळा पिवळा कुरुंदच असतो. म्हणजे रवी, गुरू आणि शनी या तिघांचं एकमेकांशी काहीही असो, त्यांची भांडी एकाच मातीची.

इथे एक विषयांतर करतो, कारण केल्याशिवाय राहवत नाही. नीलम तयार व्हायला जे जे लागतं ते सगळं आमच्या जिल्ह्यात आहे. जांभ्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही. दापोली-मंडणगडकडे तर बॉक्साइट निघतं. मिऱ्या, काळबादेवी, पूर्णगड इथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं तयार मिश्रण. सामान सगळं आणून ठेवलं आणि निसर्गाने चूल पेटवली नाही. नाव रत्नागिरी आणि जमिनीत रत्न एकही नाही, याचा खुलासा पाहुणे मागतात. आम्ही "नररत्नं" असं म्हणून टिळकांचं नाव घेतो, आणि पाहुणे गप्प बसतात.

भाजणं म्हणजे काय

हा विषय मुंबईकराला समजायला आठवडा लागेल, आंबेवाल्याला पाच मिनिटं. आंबा झाडावरून उतरवतो तेव्हा हिरवा असतो. आपण तो पेंढ्याच्या आढीत घालतो, आढीत ऊब धरते, आठ-दहा दिवसांत रंग येतो. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. जो गुण आंब्यात होता तोच बाहेर आला. खड्याला भट्टीत तापवणं म्हणजे ही आढी. पेंढ्याऐवजी विजेची नाहीतर गॅसची भट्टी, आणि ऊब तेवढी हजार ते अठराशे अंशांची. लोखंडाचं १५३८ अंशांना पाणी होतं. कुरुंद मात्र दोन हजारांच्या पुढे जाईपर्यंत घट्ट बसून राहतो, म्हणूनच त्याला हा छळ सोसतो.

कार्बाइडची पुडी ठेवून पिकवलेला आंबा वेगळा. वरून केशरी, आतून आंबट, आणि कायद्याने बंदी. खड्यांत त्याची बरोबरी करतं ते काच भरलेलं माणिक. साधारण २००४पासून बाजारात आलं. भेगांनी चिरफाळलेला, फेकून देण्याच्या लायकीचा कुरुंद घ्यायचा आणि त्या भेगांत शिशाची काच वितळवून भरायची. खडा एकदम पारदर्शक, लालबुंद. वजनात काच किती आणि माणिक किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत घालून विकतात, तसं मोझांबिकचं माणिक ब्रह्मदेशाचं म्हणून विकतात. तो दुसरा गुन्हा, त्याचं कलम वेगळं.

आढीतल्या खड्याला कमीपणा नाही. त्याला न भाजलेला म्हणून विकला तर मात्र आहे. दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि आत्याची झोप त्या अंतरात अडकलेली.

भाजल्याने खड्यात नेमकं काय होतं, ते नीट समजून घ्या, सगळी परीक्षा त्यावरच आहे. न भाजलेल्या कुरुंदात पुष्कळदा टायटॅनियम ऑक्साइडच्या केसापेक्षा बारीक सुया असतात. त्या एकमेकींना साठ अंशांत छेदत जाळी विणतात. जाणकार तिला रेशीम म्हणतात. विजेरीचा झोत तिरका धरला की हे रेशीम साडीच्या पदरासारखं उजळतं. खडा सोळाशे अंशांच्या पुढे नेला की सुया विरघळून खड्यातच मुरतात. आता नीलमाची गंमत पाहा. मुरलेलं टायटॅनियम आतल्या लोखंडाला भेटतं आणि निळा रंग तयार होतो. म्हणजे ज्या रेशमाने साक्ष द्यायची, तेच विरघळून रंग झालेलं असतं. मी कित्येक शिक्षकांच्या चौकशी समित्यांवर होतो, साक्षीदार इतका पुरता फितूर झालेला पाहिला नाही.

श्रीलंकेत गेउडा नावाचे दुधट, मळकट पांढरे कुरुंद ढिगाने निघत. त्यांना विचारत कुणी नसे. १९७०च्या दशकात थायलंडचे व्यापारी ते कवडीमोलाने उचलू लागले. बँकॉक आणि चंथाबुरीच्या भट्ट्यांतून तेच खडे गर्द निळे होऊन बाहेर पडले आणि जगभरच्या बोटांत गेले. विकणाऱ्यांना काय झालं ते कळेपर्यंत बराच माल समुद्रापार गेला होता. कोकणातल्या माणसाला ही गोष्ट नव्याने सांगायला नको, आपण जमिनी तशाच विकल्या.

करू नयेत असे प्रयोग

दूध. नीलम दुधात टाकला की दूध निळं दिसतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. याचं मूळ जुनं आहे. गरुडपुराणाच्या रत्नपरीक्षेत वजनाच्या शंभर पट दुधाला निळं करील तो महानील, असं सांगितलं आहे. त्यातून भाजलं की नाही ते कळत नाही, खरं-खोटंही कळत नाही. निळी काच टाकलीत तरी दूध लाजून निळं होईल. आत्याने माणिक टाकून पाहिलं, दूध पांढरंच राहिलं, आणि ते मला चहातून पाजलं.

उशी. खडा उशाखाली ठेवून स्वप्न पाहायचं. आत्याला स्वप्नात तिच्या सासूबाई दिसल्या. हा निकाल कुठल्या रकान्यात लिहावा ते समजलं नाही.

लिंबू. हे मात्र गंभीरपणे सांगतो. खडा साफ करायला लिंबू, चिंच, तेजाब काही लावू नका. अस्सल माणकाला त्याने काही होत नाही, पण काच भरलेलं असेल तर शिशाची काच आम्लाने खाल्ली जाते आणि खड्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा उठतात. लोणचं घालताना अंगठी काढून ठेवा. आणि अंगठी सैल-घट्ट करायला सोनाराकडे द्याल तेव्हा खडा काढूनच झोत मारायला सांगा. काच भरलेला खडा त्या झोताने डोळ्यांदेखत बुजबुजतो, मग सोनार तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही सोनाराकडे.

आग. खडा आगीत घालून परीक्षा करू नये, हेही गरुडपुराणातच आहे, आणि ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. तिथे म्हटलं आहे की परीक्षेसाठी किंवा गुण वाढावेत म्हणून मणी कधीही अग्नीत घालू नये. आचेचं प्रमाण न कळल्यामुळे दाहाचा दोष लागलेला मणी मालकाला, ते करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला, तिघांनाही अनर्थकारक होतो. याचा सरळ अर्थ, त्या काळीही लोक गुण वाढवण्यासाठी खडे भाजत होते. नाहीतर मनाई कशाला? अकराव्या शतकात अल्-बिरूनीनेही माणिक तापवून डाग घालवण्याची रीत नोंदवली आहे. श्रीलंकेत तर फुंकणीने जाळ फुलवून, नारळाच्या करवंटीच्या कोळशावर माणकातली जांभळी झाक काढायची कला पिढ्यान् पिढ्या चालत आली. करवंट्या आपल्याकडेही होत्या, आपण त्यांचे डाव केले.

गरुडपुराणाच्या यादीत विकणारा नाही, हे आत्याच्या लगेच लक्षात आलं. "पूर्वीपासून सराफ सुटतोच," ती म्हणाली.

भिंग

भिंग डोळ्याला चिकटवा, खडा भिंगाजवळ आणा. उलटं करू नका. भिंग खड्याजवळ आणि डोळा हातभर लांब, असं सिनेमातले गुप्तहेर करतात. पहिल्यांदा तुम्हाला धूळ दिसेल. पुसा. पुन्हा धूळ दिसेल. पाच वेळा पुसूनही जे हलत नाही ते खड्याच्या आतलं. आता तिथे रमायला हरकत नाही.

काय शोधायचं? सुया अखंड, टोकदार, लांबसडक असतील तर खडा जोरात भाजलेला नसण्याची शक्यता दांडगी. सुया तुटून ठिपक्यांच्या रांगा झालेल्या असतील, शाळेच्या वहीत तुटक रेषा काढतात तशा, तर भट्टी लागली. खड्यात दुसऱ्या खनिजाचा एखादा कण अडकलेला असतो. उष्णतेने तो फुगतो आणि त्याच्याभोवती चकचकीत गोल भेग उमटते, तळ्यातल्या कमळाच्या पानासारखी. कधी कण स्वतःच वितळून पिठूळ गोळा होतो. खड्याच्या कडेच्या पट्टीवर, जिथे पुन्हा घासकाम करायला आळस केला, तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहतात. भेगा टाकणखारासारख्या द्रावाने सांधल्या असतील तर ठशांसारखी जाळी दिसते, तिच्यात काचेचे थेंब असतात. ब्रह्मदेशातल्या माँग शू इथली माणकं १९९०च्या दशकात बाजारात आली, ती जवळपास सगळी अशी सांधलेली. मुळात त्यांच्या पोटात निळा-काळा गाभा असतो, तो भाजल्याशिवाय जात नाही. काच भरलेल्या खड्यात चपटे बुडबुडे दिसतात आणि खडा हलवला की भेगेतून निळी-नारिंगी चमक सरकते. हे एवढं एक नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी ओळखता येतं, आणि फसवणूक सर्वांत जास्त त्याच मालात आहे, तेव्हा भिंगाचे पैसे तिथेच वसूल.

उलट हजार अंशांच्या आसपास, सौम्य आचेवर भाजलेला खडा भिंगालाच काय, प्रयोगशाळेलाही दमवतो. रेशीम शाबूत, कण शाबूत, फक्त जांभळी झाक गेलेली.

आत्याच्या खड्यात मला सुई दिसली नाही. कण नाही, भेग नाही, ठसा नाही. आत नुसतं लाल, लख्ख, शांत. "काय दिसलं?" "काही नाही." "म्हणजे निर्दोष," आत्या म्हणाली. मीही तेच मानलं. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो की पेपर फार स्वच्छ आला तर कॉपी तपासा.

मानायला कारण थिबा होता

थिबा १८७८ ते १८८५ ब्रह्मदेशच्या गादीवर होता. मोगोकच्या खाणी त्याच्या राज्यात, आणि ठरावीक किमतीच्या वरचं माणिक सापडलं की ते राजाचं, असा तिथला कायदा. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला बोटीत बसवलं, आणि मद्रासमार्गे १८८६च्या एप्रिलमध्ये तो रत्नागिरीत उतरला. विजेच्या भट्ट्या तेव्हा नव्हत्या. त्याच्या पेट्यांतलं माणिक अठराशे अंशांवर भाजलेलं असणं शक्यच नाही. म्हणजे अंगठी खरोखर थिबाची असेल, तर भाजल्या-न भाजल्याचा प्रश्न इतिहासानेच सोडवला आहे, असं मी धरलं.

न्गा मौक नावाचं त्याचं सर्वांत मोलाचं माणिक मंडाले सोडतानाच गेलं. आपण ते कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं, त्याने परत केलं नाही, अशी थिबाची तक्रार होती. इथून तो सरकारला त्याबद्दल लिहीत राहिला. स्लेडन १८९०मध्ये वारला, माणिक आजतागायत सापडलेलं नाही. बरोबर आणलेले खडे मात्र रत्नागिरीत खर्ची पडले. भत्ता पुरेना, चाकरमाणसं पुष्कळ, हात सढळ. पेटी उघडत गेली आणि एकेक खडा विकला गेला. घेणाऱ्याला राजाची नड दिसत होती, तेव्हा भाव कुणी ठरवला असेल ते सांगायला नको. १९१०मध्ये त्याच्यासाठी जांभ्याचा मोठा वाडा तयार झाला, १९१६च्या डिसेंबरात तो वारला, १९१९मध्ये राणी सुपयालत आणि कुटुंब ब्रह्मदेशाला परतलं. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र इथलीच झाली. गोवऱ्या थापून, कागदी फुलं करून तिने संसार केला आणि २०००मध्ये याच गावात गेली. तिच्याकडे माणिक नव्हतं. आमच्या बारा घरांत होतं.

दिवा

माणकातलं क्रोमियम अतिनील प्रकाशात लाल पेटतं. ब्रह्मदेशी माणिक संगमरवरात जन्मतं, त्यात लोखंड कमी, म्हणून ते जास्त पेटतं. लोखंड असलं की ते हा उजेड गिळून टाकतं. दिवा विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या पतसंस्थेत खोट्या नोटा पकडायचं यंत्र असतं, त्यात हाच प्रकाश. आम्ही दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान गेलो, गर्दी नसते. रोखपालाने पाचशेची नोट बाजूला करून अंगठी आत ठेवली, आणि ती चुलीतल्या निखाऱ्यासारखी पेटली. मुदत ठेवीचं व्याज विचारायला आलेले दोघे वाकून पाहू लागले. आत्याने मान ताठ केली. लोखंड अजिबातच नसेल तर खडा इतका पेटतो, आणि निसर्गाच्या स्वयंपाकात लोखंड अजिबातच नसणं कठीण, हे मला तेव्हा सुचलं नाही.

भाजण्याचा तपास या दिव्यात लागत नाही. त्याला आखूड लहरीचा दिवा लागतो. त्यात भाजलेल्या नीलमावर कधीकधी खडू फासल्यासारखी पांढरट झाक दिसते. तो दिवा डोळ्यांना वाईट. नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मुंबई

शेवटी प्रयोगशाळाच. मुंबईत आहेत, जयपूरची रत्नपरीक्षा प्रयोगशाळा तर १९७२पासून चालू आहे. तिथे खड्यातून अवरक्त किरण सोडून आलेख काढतात. ३३०९ या आकड्यापाशी सुळका उभा राहिला तर पुष्कळदा भट्टीचा संशय बळावतो. काही पाणीदार खनिजांच्या खुणा मिळाल्या, तर ती आचेला टिकत नसल्यामुळे खडा न तापवलेला ठरतो. त्यांचीही एकदा गंमत झाली आहे. २००१-०२च्या सुमारास नारिंगी-गुलाबी नीलम अचानक अमाप आले, आणि सगळे न्याहाळत बसले. मग कळलं की भट्टीत बेरिलियम शिरवून रंग आणलेला होता, आणि ते पकडायला खड्यावर लेसर मारून मूलद्रव्यं मोजावी लागतात. दाखल्यावरची भाषा लक्षात ठेवा. "तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत," असं लिहितात. "तापवलेला नाही," असं लिहीत नाहीत. आमच्या शाळेतल्या साहित्यचोरीच्या अहवालाची भाषा हीच होती.

माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे. त्याला फोनवर सगळं सांगितलं: रेशीम नाही, भेगा नाहीत, निखाऱ्यासारखं पेटतं, तेव्हा भाजलेलं की न भाजलेलं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवायचात, आधी पदार्थ ओळखा मग त्याचे गुणधर्म. ते माणिक आहे का, हे पाहिलंत?"

नवशिक्यांनी ही पायरी सर्वांत आधी करावी. मी ती सर्वांत शेवटी लिहितो आहे, कारण मी ती तशीच केली.

शाळेच्या जीवशास्त्राच्या खोलीत गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत खोबरेल तेल ओतलं, अंगठी त्यात बुडवली. तेलात खड्याच्या पैलूंची चकाकी मरते आणि आतलं दिसतं. खालून उजेड सोडला, अंगठी हळूहळू फिरवत गेलो. एका कोनात रेघा दिसल्या. बारीक, समांतर आणि सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या, ग्रामोफोनच्या तबकडीच्या तुकड्यासारख्या. कडेला दोन वाटोळे बुडबुडे. कुरुंद निसर्गात वाढतो तो सरळ रेघांनी, कोन करत. कमानी तो काढत नाही. कमानी काढतो तो व्हर्नयचा जाळ. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही रीत १९०२मध्ये जाहीर केली: ॲल्युमिनाची पूड आणि किंचित क्रोमियम, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायचं, थेंब थेंब साठत गाजरासारखा लाल कांडा वाढतो. १९०७पर्यंत वर्षाला हजार किलो, म्हणजे पन्नास लाख कॅरट माणिक असं तयार होऊ लागलं होतं. खडा बनावट काच नव्हे, रसायनाने अस्सल माणिकच. फक्त त्याची खाण म्हणजे एक नळी.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती ओटीवर कुळीथ निवडत होती. म्हटलं, "आत्या, ते भाजलेलं आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. ते जाळातच जन्मलंय." आणि सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"ही विद्या निघाली कधी म्हणालास?"

"एकोणीसशे दोन."

"आणि थिबा गेला कधी?"

"सोळाच्या डिसेंबरात."

आत्याने बोटांची पेरं मोजली. "म्हणजे चौदा वर्षं. तेवढ्यात कुणीतरी बिचाऱ्याच्या गळ्यात मारलं असणार. परका मुलूख, भाषा येत नाही. राजालासुद्धा फसवलं रे मेल्यांनी."

तिने अंगठी कापसात गुंडाळून डबीत ठेवली. मी पायऱ्या उतरून फाटकाशी पोचतो तोवर ती कुंपणाला टेकून शेजारच्या वहिनींना सांगत होती, "थिबाची माणकं काय, गावात घरोघरी आहेत. राजाला फसवून विकलेलं माणिक मात्र आमच्याकडेच एक."